शाई, ठिपका आणि ठसा : व्हर्जिल फिन्ले ह्या कथाचित्रकाराची कारकीर्द

मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. व्यवसायाने तेली असलेले संताजी हे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक होत. तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग त्यांनी लिहून ठेवले, असे वारकरी परंपरा सांगते. त्यांच्या हातच्या मानल्या गेलेल्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोबांच्या अभंगांचा गाथा छापून प्रसिद्ध केला. सतराव्या शतकातील म्हणून ओळखले गेलेले अक्षर इतक्या दीर्घ काळानंतरही संशोधकास वाचता आले, ही गोष्ट भाविकाइतकीच मुद्रणाच्या अभ्यासकानेही ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या पोथ्यांची शाई तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ आणि डिंक यांच्या मिश्रणातून सिद्ध होई, आणि कागद हातबनावटीचा असे. काजळ म्हणजे बहुतांशी कार्बन. तो उजेडाने विटत नाही आणि कागदास खात नाही.

त्याच मावळात, सुदुंबऱ्याच्या पश्चिमेस, मळवली येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना आला आणि देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचली. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून प्रसिद्धी पावलेले दादासाहेब फाळके हे ह्या छापखान्यासाठी काम करीत असत. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यास स्वतःचा ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना उघडला. हाताने लिहिलेले अक्षर जपणे आणि हाताने काढलेल्या चित्राच्या यंत्राने सहस्रावधी प्रती करणे, ही दोन्ही कामे अशा रीतीने मावळच्या एकाच टापूत झालेली आहेत.

ह्या दोन कामांच्या मधोमध एक तिसरा कारागीर उभा असतो. तो लेखनिकाप्रमाणे दुसऱ्याच्या शब्दाची सेवा करतो, परंतु त्याच्या हातचे काम वाचकाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. दृष्टीस पडते ती ठशावरून उमटलेली प्रत. हा कारागीर म्हणजे मासिकांतील कथांसाठी टाक व शाईने चित्रे काढणारा चित्रकार होय. ठसा कसा होतो आणि कागद कसा आहे यांवर त्याच्या कलेचे रूप अवलंबून असते, आणि मासिक चालते की बंद पडते यावर त्याची उपजीविका. ह्या दोन्ही गोष्टींचे विशेष स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील विज्ञानकथांच्या व अद्‌भुतकथांच्या मासिकांचा चित्रकार व्हर्जिल फिन्ले (१९१४–१९७१) याच्या कारकीर्दीत आढळते. तो ज्या कार्बनच्या काळ्या शाईने काम करी, तिला इंग्रजीत ‘इंडिया इंक’ असेच नाव आहे.

कागद आणि ठसा

फिन्लेच्या कामाचे मर्म समजण्यासाठी प्रथम त्या मासिकांचे भौतिक स्वरूप पाहणे अवश्य आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत स्वस्त कथामासिकांचा मोठा सुकाळ होता. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या, खरबरीत कागदावर ती छापली जात; म्हणून त्यांस ‘पल्प’ म्हणजे लगदा हेच नाव पडले. त्यांचे पान सुमारे सात इंच रुंद व दहा इंच उंच असे. मुखपृष्ठ तेवढे गुळगुळीत कागदावर रंगीत छापीत, आतील सर्व मजकूर व चित्रे एकाच काळ्या शाईत असत. ‘वीअर्ड टेल्स’ हे भयकथांचे व अद्‌भुतकथांचे मासिक १९२३ मध्ये निघाले. ह्यूगो गर्न्सबॅक याने केवळ विज्ञानकथांस वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक एप्रिल १९२६ मध्ये सुरू केले, आणि त्यानंतर अशा मासिकांची रीघच लागली.

चित्र छापण्याचे त्या काळी मुख्यतः दोन मार्ग होते. पहिला हाफटोनचा. ह्यात मूळ चित्राचे छायाचित्र बारीक जाळीतून घेतात, त्यामुळे करड्या छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते. कागद जितका गुळगुळीत तितकी जाळी बारीक चालते. चकचकीत आर्ट पेपरवर इंचास १२० ते १५० ओळींची जाळी वापरता येते. वृत्तपत्री कागदावर ती सुमारे ५५ ते ८५ ओळींपर्यंत खाली आणावी लागते, आणि तीही पुष्कळदा धूसर उमटते. दुसरा मार्ग रेषाठशाचा, म्हणजे छापखान्याच्या बोलीत ‘लाइन ब्लॉक’चा. ह्यात चित्र निव्वळ काळे व पांढरे असावे लागते. चित्राचे छायाचित्र घेऊन त्याची काच जस्ताच्या पत्र्यावर धरतात. पत्र्यावर प्रकाशाने कठीण होणारा लेप दिलेला असतो. जेथे चित्रात काळी रेषा आहे तेथे लेप टिकतो, उरलेला धुऊन जातो. मग पत्रा नत्राम्लात सोडला म्हणजे उघडा भाग खाल्ला जाऊन खोल होतो आणि रेषा उंच राहतात. त्यांवर शाईचा रूळ फिरवून छपाई करतात.

रेषाठसा स्वस्त होता, आणि खरबरीत कागदावर तोच भरवशाचा होता. परंतु त्यास मधली छटा ठाऊक नसते. करडा रंग हवा असेल तर चित्रकाराने तो काळ्या रेषांनी वा ठिपक्यांनीच भासवला पाहिजे. शिवाय रेषा फार बारीक असल्यास अम्ल तिला बाजूने कुरतडते, आणि दोन रेषा फार जवळ असल्यास छपाईची शाई कागदात पसरून त्यांचा एकच काळा डाग होतो. ह्या अडचणींमुळे पल्प मासिकांचे बहुतेक चित्रकार ठळक रेषा, सपाट काळे भाग आणि मोजके तपशील एवढ्यावर भागवीत. ह्या मर्यादा ओलांडण्याचे धाडस फिन्लेने केले.

आरंभ

व्हर्जिल वॉर्डन फिन्ले याचा जन्म २३ जुलै १९१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर ह्या शहरी झाला. हे शहर कोडॅक कॅमेऱ्याच्या कारखान्यासाठी जगप्रसिद्ध आहे. छायाचित्राच्या माहेरघरी जन्मलेल्या ह्या मुलाने पुढे जन्मभर असे काम केले, की ज्यात छायाचित्रासारखी सूक्ष्मता तर दिसावी, पण विषय मात्र कोणत्याही कॅमेऱ्यास सापडू नये. त्याचे तारुण्य १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गेले. मासिकांसाठी चित्रे काढणे हा त्या दिवसांत कलेइतकाच पोटाचाही प्रश्न होता.

१९३५ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने ‘वीअर्ड टेल्स’चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांच्याकडे आपली काही चित्रे पाठविली. राइट यांना ती पसंत पडली, पण एक शंका आली. इतके बारीक ठिपके आणि रेषा आपल्या मासिकाच्या कागदावर उठतील काय? त्यांनी ठसा करवून त्याची चाचणी घेतली, आणि ती यशस्वी ठरली. डिसेंबर १९३५ च्या अंकात फिन्लेची चित्रे प्रथम प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी १९३७ च्या अंकाचे मुखपृष्ठही त्याचेच होते, आणि १९५४ मध्ये ते मासिक बंद पडेपर्यंत त्याचा त्याच्याशी संबंध राहिला. संपादकाची शंका ही वस्तुतः फिन्लेच्या साऱ्या कारकीर्दीची गुरुकिल्ली आहे. कागदाच्या मानाने चित्र फार चांगले आहे, ही ती शंका होती.

ठिपक्यांची रीत

फिन्लेची साधने तीन प्रकारची होती. पहिले, एकमेकांस छेदणाऱ्या रेषांचे जाळे. दुसरे, स्क्रॅचबोर्ड, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीचा लेप दिलेला पुठ्ठा. त्यावर काळी शाई फासून टोकदार हत्याराने खरवडले की काळ्यातून पांढरी रेषा निघते. केस, धूर, पाणी, ताऱ्यांचा प्रकाश अशा वस्तूंसाठी हे साधन फार उपयोगी पडते, कारण तेथे चित्रकार अंधार काढीत नसून अंधारातून उजेड काढीत असतो. तिसरे आणि त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले साधन म्हणजे ठिपके.

ठिपके देण्याची त्याची पद्धत अशी होती. शिळाछापाच्या कामासाठी वापरली जाणारी, २९० क्रमांकाची अतिशय बारीक निब तो शाईत बुडवी. निबेचे टोक कागदास न टेकवता केवळ टोकावरचा शाईचा थेंबच पृष्ठभागास लागू देई. मग निब पुसून स्वच्छ करी, पुन्हा बुडवी, आणि पुढचा ठिपका देई. निब टेकली की ठिपका लांबट होतो आणि त्यास ओरखड्याची कड येते; केवळ थेंब लागला तर ठिपका वाटोळा, भरीव आणि निश्चित कडेचा येतो. अम्लाच्या कामास नेमका असाच ठिपका हवा असतो. त्याची कड स्पष्ट असल्यामुळे तो जस्तावर शाबूत राहतो आणि खरबरीत कागदावरही आपला आकार राखतो.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. हाफटोनची जाळी जे काम यंत्राने करी, ते फिन्ले हाताने करीत होता. मात्र त्यात एक महत्त्वाचा फरक होता. जाळीस चित्राचा अर्थ कळत नाही. ती आकाश, गाल आणि दगड यांवर सारख्याच अंतराने ठिपके टाकते. फिन्ले मात्र कोठे ठिपके दाट करावेत, कोठे विरळ करावेत, कोठे निव्वळ पांढरे सोडावे आणि कोठे कागद जितके काळे धरील तितके काळे करावे, हे प्रत्येक ठिकाणी स्वतः ठरवीत असे. म्हणून ज्या कागदावर यंत्राची जाळी धूसर पडे, त्याच कागदावर त्याचे चित्र लख्ख उमटे.

ह्यास श्रम किती पडत, याची कल्पना एका साध्या हिशोबाने येईल. इंचास ६५ ओळींची जाळी घेतली तर एका चौरस इंचात ४,२२५ ठिपके बसतात. सहा इंच रुंद व आठ इंच उंच चित्राच्या ४८ चौरस इंचांत त्यांची संख्या दोन लाखांवर जाते. फिन्ले अर्थातच संपूर्ण चित्र अशा घनतेने भरीत नसे. रेषा, खरवडकाम आणि सपाट काळे भाग यांचाही तो उपयोग करी. तथापि चित्राचा थोडासा भाग जरी अशा रीतीने भरावयाचा म्हटला, तरी किती सहस्र वेळा निब बुडवावी आणि पुसावी लागत असेल, हे सहज समजण्यासारखे आहे. पस्तीस वर्षांच्या कारकीर्दीत त्याने २,६०० हून अधिक चित्रे काढली असे मानले जाते. सैन्यातील काळ न वगळताही हे प्रमाण सरासरी पाच दिवसांस एक चित्र असे पडते.

मासिके मात्र चित्रामागे मोबदला देत, ठिपक्यामागे नव्हे. जो चित्रकार ब्रशाच्या चार फटकाऱ्यांत चित्र संपवी, तो तेवढ्याच वेळात फिन्लेच्या कितीतरी पट काम करू शके. फिन्लेची रीत छपाईच्या दृष्टीने जितकी योग्य, तितकीच अर्थार्जनाच्या दृष्टीने ती त्याच्या विरुद्ध जाणारी होती.

शब्दाची सेवा

कथाचित्रकाराचे चित्र स्वतंत्र नसते. ते दुसऱ्याच्या शब्दाशी बांधलेले असते. विज्ञानकथेत हे बंधन अधिकच अवघड होते, कारण कथेतील वस्तू कोणी पाहिलेलीच नसते. गर्न्सबॅकच्या मासिकांचा प्रमुख चित्रकार फ्रँक पॉल हा वास्तुशिल्पाचे शिक्षण घेतलेला होता. त्याची आकाशयाने, यंत्रे व भविष्यातील नगरे विलक्षण कल्पक असत. माणसे मात्र ताठ आणि निर्जीव वाटत. फिन्लेचा कल नेमका उलट दिशेस होता. त्याच्या चित्रात यंत्रांपेक्षा मनुष्यदेह, चेहरा, भीती आणि विस्मय यांस अधिक स्थान मिळे. अशक्य प्राणी काढतानाही त्वचा, खवले आणि डोळ्यांतील ओलावा तो इतक्या बारकाईने दाखवी, की वाचकाची बुद्धी जे नाकारी ते त्याची दृष्टी मान्य करी. चित्रातील रिकाम्या जागी बुडबुडे आणि चमचमत्या ठिणग्या विखुरण्याची त्याची लकब तर स्वाक्षरीसारखी ओळखीची झाली होती.

त्याच्या चित्रांनी लेखकही प्रभावित होत. रॉबर्ट ब्लॉक यांच्या ‘द फेसलेस गॉड’ ह्या कथेसाठी त्याने काढलेले चित्र मे १९३६ च्या ‘वीअर्ड टेल्स’मध्ये आले. ते पाहून प्रसिद्ध भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी त्याच्यावर एक सुनीत लिहिले. लव्हक्राफ्ट मार्च १९३७ मध्ये निवर्तले आणि ते सुनीत त्यानंतर, त्याच वर्षीच्या जुलैच्या अंकात प्रसिद्ध झाले. फिन्लेने पुढे लव्हक्राफ्ट यांना अठराव्या शतकातील सभ्य गृहस्थाच्या वेषात दाखविणारे व्यक्तिचित्र काढले. त्यांच्या कथांचा ‘द आउटसायडर अँड अदर्स’ हा संग्रह १९३९ मध्ये निघाला, तेव्हा त्याचे वेष्टनही फिन्लेनेच केले. चित्राने कथेची सेवा करावी ही नेहमीची रीत. येथे चित्रावरून कविता निर्माण झाली.

न्यूयॉर्क आणि युद्ध

१९३८ मध्ये फिन्लेच्या जीवनास एक अनुकूल वळण मिळाले. ‘द अमेरिकन वीकली’ ह्या रविवारच्या पुरवणीचे संपादक अब्राहम मेरिट यांनी त्यास न्यूयॉर्कला बोलावून नोकरी दिली. मेरिट हे स्वतः अद्‌भुत कादंबऱ्यांचे नामांकित लेखक होते. त्याच वर्षी फिन्लेचा विवाह झाला. चित्रामागे मिळणाऱ्या अनिश्चित पैशांऐवजी नियमित वेतन, अशी स्थिती त्यास ह्या काळात काही प्रमाणात लाभली.

१९३९ मध्ये ‘फेमस फॅन्टॅस्टिक मिस्टरीज’ हे मासिक सुरू झाले. त्यात प्रामुख्याने जुन्या अद्‌भुतकथांचे पुनर्मुद्रण होई. कथा जुन्या असल्यामुळे अंकाच्या नावीन्याचा पुष्कळसा भार चित्रांवर पडे, आणि तो फिन्लेने उत्तम रीतीने वाहिला. वाचकांना त्याच्या चित्रांची इतकी ओढ लागली की १९४१ पासून त्या मासिकाने त्याच्या चित्रांचे सुटे संच काढले. ह्या संचांत शेजारी मजकूर नव्हता आणि कथाही नव्हती. होती ती केवळ चित्रे. कथेच्या सोबतीने आलेल्या चित्रास स्वतःच्या बळावर घराच्या भिंतीवर जागा मिळू लागली, हे पल्प मासिकांच्या जगात असामान्य होते.

दुसऱ्या महायुद्धात फिन्लेला सैन्यात जावे लागले. १९४५ मधील ओकिनावाच्या लढाईच्या काळात तो त्या बेटावर होता. सैनिकांच्या मनोधैर्यासाठी भित्तिचित्रके व चित्रे काढण्याचे काम त्याच्याकडे होते. १९४६ मध्ये परतल्यावर ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’, ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ आणि इतर मासिकांसाठी त्याने पुन्हा झपाट्याने काम सुरू केले. अणुबाँबनंतर विज्ञानकथेचा वाचक वाढला होता. युद्धोत्तर सहासात वर्षे हा त्याच्या कारकीर्दीचा बहराचा काळ म्हणता येईल.

सन्मान आणि उतार

१९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनात प्रथमच ‘ह्यूगो’ पारितोषिके देण्यात आली. त्यांत आतील पानांच्या चित्रांसाठीचे पारितोषिक फिन्लेस मिळाले. परंतु त्याच वर्षी जूनचा अंक काढून ‘फेमस फॅन्टॅस्टिक मिस्टरीज’ बंद पडले होते. १९५४ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ थांबले, आणि १९५५ मध्ये ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’ व ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ ही दोन्ही संपली. ज्या कलेचा गौरव झाला, तिचे क्षेत्र दोन वर्षांच्या आत जवळजवळ नाहीसे झाले.

ह्याची कारणे चित्रकाराच्या हातची नव्हती. दूरदर्शनाने रात्रीची करमणूक घरात आणली होती; खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकांनी कथावाचक ओढून घेतला होता; कागद व वितरण यांचा खर्च वाढत होता. जी विज्ञानकथा-मासिके टिकली त्यांनी लहान आकार स्वीकारला. सात इंच बाय दहा इंचांचे पान सुमारे साडेपाच इंच बाय साडेसात इंचांवर आले, म्हणजे क्षेत्रफळ सहादशांशापर्यंत घटले. अशा पानावर बारीक ठिपक्यांचे चित्र गुदमरते, आणि संपादकासही त्या श्रमाचे विशेष प्रयोजन उरत नाही. जलद, ठळक व आधुनिक वळणाच्या रेखाटनांची मागणी वाढली.

फिन्लेने काम सोडले नाही. लहान आकाराच्या मासिकांसाठी तो चित्रे काढीत राहिला. पुढे ज्योतिषविषयक मासिकांची चित्रेही त्याने केली. परग्रह व नक्षत्रे ज्याने विज्ञानकथेसाठी ठिपक्याठिपक्याने उभी केली, त्यास तीच नक्षत्रे भविष्य सांगणाऱ्यांसाठी काढावी लागली, याचे अनेकांस वाईट वाटेल. तथापि ठिपका तोच होता, आणि निबही तशीच पुसली जात होती. कारागिराच्या निष्ठेचे माप विषयावरून घ्यावयाचे की हातावरून, हा प्रश्न येथे उभा राहतो. १९६९ मध्ये त्याच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १८ जानेवारी १९७१ रोजी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी डोनाल्ड ग्रँट या प्रकाशकाने त्याच्या चित्रांचे मोठे पुस्तक काढले. चित्रकाराच्या नावावरच ते विकले गेले, पण ते पाहण्यास तो स्वतः नव्हता. २०१२ मध्ये विज्ञानकथेच्या सन्मानदालनात त्याचा समावेश झाला.

एक महाराष्ट्रीय तुलना

फिन्लेची कारकीर्द मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. गोव्यातील मडगाव येथे १९१६ मध्ये जन्मलेले दीनानाथ दलाल हे त्याचे जवळजवळ समवयस्क, आणि योगायोग असा की त्यांचेही निधन जानेवारी १९७१ मध्येच, फिन्लेच्या तीन दिवस आधी झाले. दलालांनी कथाचित्रे, पुस्तकांची वेष्टने आणि मुखपृष्ठे विपुल केली. कमीत कमी रेषांत कथेचे मर्म सांगण्याची त्यांची हातोटी फिन्लेच्या ठिपक्यांहून अगदी निराळी होती. परंतु ठसा, कागद व मुदत ह्या अडचणी दोघांसही ठाऊक होत्या.

दोघांतील खरा भेद अन्यत्र आहे. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. कोणता कागद वापरावा, चित्रास किती जागा द्यावी, आतील चित्र रंगीत छापावे की एकरंगी, हे ते स्वतः ठरवू शकत. चित्रकारच मालक असल्याने मासिक चित्रासाठी वाकले. फिन्लेपाशी कोणतेही मासिक नव्हते. त्यास मासिकासाठी वाकावे लागले. त्याने कागदाच्या अडचणीवर मात केली ती मालक म्हणून नव्हे, तर केवळ अधिक श्रम करून. मासिके बुडाली तेव्हा त्याच्या हाती कौशल्याखेरीज काहीच उरले नाही. एकाच काळातील दोन चित्रकारांच्या ह्या दोन वाटा पाहिल्या म्हणजे कलेचा इतिहास हा केवळ शैलीचा इतिहास नसून साधनांच्या मालकीचाही इतिहास असतो, हे स्पष्ट होते.

जतनाचा प्रश्न

फिन्लेच्या चित्रांचे भवितव्य अखेर कागदाने ठरविले. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन हे द्रव्य हवा व उजेड यांमुळे पिवळे पडते, आणि कागदातील आम्ल त्याचे तंतू तोडते. १९३६ चे पल्प मासिक आज उघडले तर पानाच्या कडा बोटांत चुरा होऊन येतात. शाई शाबूत असते, कागदच जातो. म्हणून त्याच्या चित्रांचा अभ्यास करणारे लोक मूळ पुठ्ठ्यांच्या शोधात असतात. पुठ्ठ्यावर चित्रकाराने दिलेला प्रत्येक ठिपका आहे. छापील पानावर ठशातून, रुळावरून आणि तंतूंतून वाचलेले ठिपके तेवढे आहेत.

मराठीतही हा प्रश्न तितकाच खरा आहे. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे ‘चंद्रलोकची सफर’ हे मराठी रूप विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून क्रमशः आले, आणि १९७४ मध्ये जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पुढे आली. अशा कथांचे लेखक, साल व अंक यांची नोंद होते. मात्र जुन्या मासिकांतील व दिवाळी अंकांतील कथांची चित्रे कोणी काढली, याची नोंद सूचीत क्वचितच आढळते. पुष्कळदा चित्राच्या कोपऱ्यातील एखादी आद्याक्षरांची सही हाच एकमेव पुरावा असतो. आणि पान कापून बांधणी करताना तो कोपराच कातरीखाली जातो. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत भस्मसात झाला. तेथे काय गेले, ते परत मिळणार नाही. परंतु ग्रंथालयांत अजून उभे असलेले अंक हळूहळू, आगीविनाच, जळत आहेत. सूचीच्या प्रत्येक नोंदीत चित्रकाराच्या नावासाठी एक रकाना ठेवणे, सही ओळखून ती नावाशी जोडणे, आणि उपलब्ध मूळ चित्रे व ठसे आम्लविरहित वेष्टनात जपणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. ती करणारा हात मात्र हवा.

संताजींच्या नावावरील वह्या टिकल्या, कारण कागद चांगला होता, शाई काजळाची होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या कोणाच्या आहेत हे सांगणारी माणसे होती. फिन्लेपाशी काजळाचीच शाई होती, कागद वाईट होता, आणि त्याचे नाव सांगणारे वाचक होते. म्हणून त्याचे काम अर्धे तरी वाचले. मराठी कथाचित्रकारांच्या बाबतीत शाई व कागद यांचा निकाल लागून गेला आहे. नाव सांगण्याचे काम तेवढे अजून करता येण्यासारखे आहे.